मग आजोबा कुठे गेले?



धम्मबांधव आणि भगिनींनो, मागच्या अंकासाठी लेख देतो असा शब्द मी संपादकांना दिला होता आणि तो पाळला नाही. कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. माझे वडील, आमचे अण्णा, गेल्या हिवाळ्यात छत्रपती संभाजीनगरला कालकथित झाले. फोन आला तेव्हा लंडनमध्ये पहाटेचे तीन वाजले होते. मिळेल ते विमान पकडले, तरी मी पोहोचेपर्यंत अंत्यविधी उरकला होता. चुलत भावाने मोबाईलवर पाठवलेला व्हिडिओ मी दुबईच्या विमानतळावर पाहिला. परदेशात राहणाऱ्या आपल्यातल्या अनेकांनी असा व्हिडिओ कुठल्या ना कुठल्या विमानतळावर पाहिलेला आहे, त्यामुळे त्यावर अधिक लिहीत नाही.

लिहायचे आहे ते परत आल्यानंतरचे. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. इथल्या अँग्लिकन चर्चच्या शाळेत जाते. आजोबा गेल्याचे तिने वर्गात सांगितले, तेव्हा तिच्या बाईंनी तिला जवळ घेतले आणि सांगितले की आजोबा आता स्वर्गात आहेत आणि तिथून तुझ्याकडे बघतात. बाई मनाने फार चांगल्या आहेत, त्यांच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. मुलीने घरी एक कार्ड करून आणले. निळे आकाश, कापसासारखे ढग आणि ढगावर चष्मा लावलेले अण्णा. मला कार्ड दाखवून तिने विचारले, “पप्पा, हे खरं आहे ना?”

मी म्हणालो, “बाळा, आपण स्वर्ग मानत नाही.”

“मग आजोबा कुठे गेले?”

माझ्या धंद्यात ‘कुठे गेले’ या प्रश्नाला नेहमी उत्तर असते. लॉग असतो, बॅकअप असतो. नोंद पुसली तरी ती कोणी आणि कधी पुसली याची दुसरी नोंद असते. इथे माझ्याजवळ काहीच नव्हते. मी काहीतरी पुटपुटलो, तिने कार्ड दप्तरात ठेवले आणि तो विषय तिच्या बाजूने मिटला. माझ्या बाजूने मिटला नाही. तुम्हालाही विचारतो. शोकात असलेल्या माणसाला, त्यातही लेकराला, आपल्याला खरी न वाटणारी गोष्ट केवळ धीर म्हणून सांगावी का? आणि सांगायची नसेल, तर तिच्या जागी काय सांगायचे?

‘आपण मानत नाही’ हे वाक्य आपल्या घरांत वारंवार ऐकू येते. श्राद्ध मानत नाही, पिंड मानत नाही, कावळा शिवायची वाट बघत नाही. हे ‘नाही’ आपल्याला फुकट मिळालेले नाही, हे आधी सांगतो, नाहीतर गैरसमज होईल. जुन्या गावगाड्यात मरणाशी आपला संबंध काय होता? गावात कोणी मेले की परगावी सांगावा घेऊन महाराने पळायचे, मसणवट्यात लाकडे त्यानेच वाहायची, मेलेले ढोर त्यानेच ओढायचे आणि मढ्यावरचे कापड हा त्याचा ‘हक्क’ म्हणे! दुसऱ्याच्या मरणाची सगळी कामे आपल्या आज्याने केली आणि त्याच्या स्वतःच्या मरणाला मात्र मंत्रही नव्हता आणि मानही नव्हता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये सहावी प्रतिज्ञा श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची आहे. तिच्यामागे हा सगळा इतिहास आहे. पण हा इतिहास नऊ वर्षांच्या मुलीला सांत्वन म्हणून सांगता येत नाही.

फेब्रुवारीच्या सुट्टीत तिला घेऊन नॅशनल गॅलरीत गेलो. तिथे सेबास्तियानो देल पिओम्बो या चित्रकाराचे ‘लाझरसचे पुनरुत्थान’ हे चित्र आहे. १५१७ ते १५१९ या काळातले आणि जवळजवळ पावणेचार मीटर उंच. गॅलरीच्या संग्रहनोंदीत त्याचा क्रमांक एक आहे. बायबलमधली कथा तुम्हाला माहीत असेल. लाझरस मरून चार दिवस झालेले, त्याच्या बहिणी आकांत करतात, येशू स्वतः रडतो आणि मग हाक मारून त्याला थडग्यातून उठवतो. चित्रात लाझरस अंगावरचे कफन सोडवतो आहे आणि मागच्या बायकांनी नाकाला पदर लावला आहे. चार दिवसांच्या प्रेताला वास येणारच, हे चित्रकाराने लपवलेले नाही. मुलगी बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “बुद्धांनी कोणाला असं उठवलं होतं का?”

या प्रश्नाचे उत्तर मला येत होते. पण ते द्यायच्या आधी ख्रिस्ती बाजूबद्दल थोडे लिहितो, कारण तिच्याकडे आपण फार वरवर बघतो. ‘ते स्वर्गाची लालूच दाखवतात’ एवढ्यावर आपण हात झटकतो. त्यांची कला पाहिली तर गोष्ट इतकी सोपी राहत नाही.

पहिली काही शतके ख्रिस्ती लोकांनी येशूचे क्रुसावरचे मरण चित्रात जवळजवळ दाखवलेच नाही. रोममधल्या भुयारी दफनभूमींत भिंतींवर लाझरस आहे, माशाच्या पोटातून बाहेर आलेला योना आहे, खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ आहे. क्रूस ही गुलामांना आणि बंडखोरांना द्यायची शिक्षा होती. आपल्या गुरूला तिथे टांगलेला कोण दाखवणार? ब्रिटिश म्युझियममध्ये हस्तिदंताच्या चार छोट्या पट्ट्या आहेत, साधारण इसवी सन ४२० ते ४३० मधल्या. क्रुसावरच्या येशूचे जे सर्वांत जुने नमुने उरले आहेत त्यांपैकी एक त्यांत आहे. त्यात येशू ताठ आहे, डोळे उघडे आहेत, वेदनेची खूणही नाही. शेजारी विश्वासघात करणारा यहूदा झाडाला गळफास घेऊन लोंबकळतो आहे. मरण आले आहे ते त्याला.

वेदना दाखवायला पुढे कित्येक शतके गेली. त्याचे टोक म्हणजे ग्रूनेवाल्ड या जर्मन चित्रकाराने १५१२ ते १५१६ दरम्यान केलेले इझेनहाइमचे वेदीचित्र. ते आज फ्रान्समध्ये कोलमार इथे आहे. कामानिमित्त जवळ गेलो असताना मी ते मुद्दाम पाहून आलो. त्यातल्या येशूची कातडी हिरवट आहे, अंगभर फोड आणि काटे आहेत, बोटे वाकडी झालेली. हे चित्र ज्या मठासाठी केले, तिथले साधू ‘संत अँथनीचा अग्नी’ नावाच्या रोगाच्या पीडितांची शुश्रूषा करत. बुरशी लागलेल्या राय धान्याची भाकरी खाऊन हा रोग होई, हातपाय सडत, कापावे लागत. त्या रोग्यांना या चित्रापुढे आणत असत. त्यांना काय दिसत असेल? आपल्यासारखाच सडलेला एक देह, आणि तो देवाचा. मी नास्तिक माणूस, तरी तिथून लवकर हललो नाही. स्वर्गाचे आश्वासन त्या चित्राच्या आतल्या पाकळ्यांत आहे, ते सणावाराला उघडत. एरवी बाहेरून दिसे ते हेच.

मागे माझ्या एका सहकाऱ्याची आई वारली, तेव्हा गावातल्या जुन्या चर्चमध्ये गेलो होतो. मला प्रार्थनेपेक्षा एक वेगळी गोष्ट जाणवली. तिथे कोणालाही ‘आता काय करायचे’ हा प्रश्न नव्हता. मुलांनी आणि जावयाने पेटी खांद्यावर घेतली. छापलेली पत्रिका प्रत्येकाच्या हातात होती. कधी उभे राहायचे, कधी गायचे, शेवटी मूठभर माती कधी टाकायची, सगळे ठरलेले. ज्यांचा देवावर विश्वास नाही तेही गात होते. आणि आपले? स्मशानगृहात अर्ध्या-पाऊण तासाची वेळ मिळते, बाहेर पुढची शवपेटी येऊन थांबलेली असते आणि आपण मोबाईलवर विधीची पीडीएफ शोधत असतो. कोणी त्रिसरण म्हणतो, कोणाला गाथा अर्धीच येते, पडदा सरकतो आणि संपते. आपल्या मंडळाच्या दोन अंत्यविधींत मी हे पाहिले आहे, आणि पीडीएफ शोधणाऱ्यांत मीही होतो.

आता आपल्या बाजूला येतो. सुरुवातीला आपणही गुरूचे मरण दाखवले नाही. सांचीच्या सुरुवातीच्या शिल्पांत बुद्धांची मानवी आकृती नाही. तिथे बोधिवृक्ष आहे, पाऊले आहेत आणि महापरिनिर्वाणाच्या जागी स्तूप आहे. पुढे गांधारच्या शिल्पकारांनी ते दृश्य कोरायला घेतले, आणि त्याचे एक अतिशय भव्य रूप आपल्याच मराठवाड्यात आहे, अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यात. पाचव्या शतकातले, सुमारे सात मीटर लांबीचे.

दहावीच्या परीक्षेनंतर अण्णा मला तिथे घेऊन गेले होते. ते मिलिंद महाविद्यालयाचे विद्यार्थी, बाबासाहेबांनी उभ्या केलेल्या कॉलेजात शिकल्याचा त्यांना केवढा अभिमान! एसटीने गेलो, डबा बरोबर होता. आत शिरल्यावर डावीकडच्या भिंतीवर तथागत उजव्या कुशीवर पहुडलेले दिसतात. दोन शालवृक्ष, डोक्याखाली उशी, मिटलेले डोळे. कुठे जखम नाही, रक्त नाही. दुपारची झोप लागावी तसा चेहरा. मला त्या वयात फक्त ती शांतता दिसली आणि तीच पुढे तीस वर्षे डोक्यात राहिली. बौद्धाने मरणापुढे असे शांत असावे, रडणे हे अज्ञानाचे लक्षण. अण्णा मात्र पायथ्याशी कोरलेल्या लहान आकृतींपाशी रेंगाळत होते. “हे बघ, हे कसे बसलेत,” म्हणाले. मी बघितल्यासारखे केले.

त्या आकृती रडणाऱ्यांच्या आहेत. पलंगाच्या खालच्या बाजूने भिक्खू आणि उपासकांची रांग आहे, कोणी मान टाकली आहे, कोणी हातावर डोके टेकून बसले आहे. पायांशी बसलेला तो आनंद, असे मानतात. गांधारच्या शिल्पपटांत तर आनंद जमिनीवर कोसळलेला असतो आणि शेजारी सुभद्द, बुद्धांचा अखेरचा शिष्य, ध्यानात निश्चल बसलेला असतो. जपानमधल्या जुन्या महापरिनिर्वाणाच्या चित्रांत हत्ती-वाघांपासून पशुपक्षीही रडतात. शिल्पकाराने शांत चेहरा कोरला आणि त्याच छिन्नीने, तेवढ्याच आस्थेने रडणारेही कोरले. त्याने कोणालाही भिंतीवरून काढून टाकले नाही.

महापरिनिब्बान सुत्तात हेच आहे. बुद्ध आता जाणार हे कळल्यावर आनंद विहारात जाऊन दाराच्या चौकटीला धरून रडतो. मी अजून शिकतोच आहे आणि माझ्यावर दया करणारा शास्ता चालला, असे त्याचे रडणे. बुद्ध निरोप पाठवून त्याला बोलावून घेतात. जे जे प्रिय आहे त्याचा वियोग होणार हे मी आधीच सांगितले नव्हते का, असे विचारतात, आणि लगेच त्याच्या वर्षानुवर्षांच्या सेवेचे, मैत्रीचे कौतुक करतात. पुढे सगळ्या भिक्खूंसमोर त्याचे गुण सांगतात. शेवटचे काही तास उरलेला माणूस एका रडणाऱ्याला जवळ बोलावतो, यावर मी कधी थांबून विचार केला नव्हता.

थांबायला हवे होते, कारण अण्णांच्या जलदान विधीच्या दिवशी मी याच्या नेमके उलट वागलो. बौद्धाचार्यांचा परित्राणपाठ सुरू होता. माझी थोरली आत्या, सत्तरी ओलांडलेली, अण्णांना लहानपणी कडेवर वागवलेली, ती एकदम मोठ्याने रडू लागली. जुन्या बायका रडतात तशी, नाव घेऊन, आठवणी सांगत. मी परदेशातून आलेला शिकलेला भाचा. मला वाटले, हे काही आपल्या धम्मात बसत नाही. मी उठलो, तिच्याजवळ जाऊन म्हणालो, “आत्या, सगळं अनित्य आहे. रडू नका, पाठ चालू आहे.” तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला. संध्याकाळी आई मला एवढेच म्हणाली, “तुझं अनित्य तुझ्यापाशी ठेव. तिचा भाऊ गेलाय.”

मी आत्याला जे सांगितले ते खरेच होते. अक्षरशः खरे. पण ते मी तिला गप्प करण्यासाठी वापरले. शाळेतल्या बाईंनी माझ्या मुलीला सांगितले ते मला खरे वाटत नाही, पण त्यांनी तिला आधी जवळ घेतले होते. दोघांत कोण बुद्धांच्या जवळ होते, हे मी वाचकांवर सोडत नाही. मी नव्हतो.

म्हणून मग मुलीला स्वर्ग सांगून टाकावा का? या प्रश्नावर २६ क्रमांकाच्या लेण्यानेच मला आणखी अडचणीत टाकले. तिथला शिलालेख अलीकडे वाचला. बुद्धभद्र नावाच्या भिक्खूने ते लेणे करवले आणि अश्मक राजाचा मंत्री भव्विराज या आपल्या मित्राच्या नावे वाहिले. त्यात असा आशय आहे की माणसाची आठवण जगात असेपर्यंत तो स्वर्गात सुख भोगतो, म्हणून चंद्रसूर्य असेपर्यंत टिकेल असे स्मारक डोंगरात उभारावे. वाचून मी चपापलो. म्हणजे पंधराशे वर्षांपूर्वी आपल्याच एका भिक्खूने मित्रासाठी स्वर्ग लिहून ठेवला आहे! जलदानाच्या वेळी पाणी भांड्यातून ओसंडेपर्यंत ओतताना आपण जी गाथा म्हणतो, तिचा अर्थही बघा. नद्या सागर भरतात तसे इथे दिलेले दिवंगतांपर्यंत पोहोचो. आपण पाली भाषेत म्हणतो म्हणून खटकत नाही, इतकेच.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेत हा प्रश्न टाळला नाही. आत्मा नाही तर पुनर्जन्म कसा, हा विसंवाद त्यांनी तिथे सरळ मांडला आणि ग्रंथात त्याचे उत्तर दिले. देह पृथ्वी, आप, तेज, वायू या घटकांचा बनतो, मरणानंतर ते घटक आपापल्या साठ्यात मिसळतात, नाहीसे होत नाहीत. आत्मा कुठून कुठे जात नाही. इंजिनिअर म्हणून मला हे पटते. बुद्धभद्राबद्दल मला आदर आहे, पण या बाबतीत मी बाबासाहेबांच्या बाजूने आहे. मुलीला स्वर्ग सांगणार नाही. ती मोठी झाल्यावर तिला कळेल की बापाने त्या वेळी खोटे सांगितले होते, आणि मग बाकीचे सांगितलेले किती खरे, हा हिशेब ती करायला बसेल.

तर गॅलरीतून परतताना ट्रेनमध्ये तिला किसा गोतमीची गोष्ट सांगितली. बुद्धांनी कोणाला उठवले नाही. मेलेले लेकरू कडेवर घेऊन आलेल्या आईला त्यांनी सांगितले, ज्या घरात कोणी मेलेले नाही त्या घरातून मूठभर मोहरी आण. मी ही गोष्ट नेहमी तर्कशास्त्राच्या प्रमेयासारखी ऐकली आणि सांगितली होती. मरण सार्वत्रिक आहे, इति सिद्धम्. मुलीला प्रमेयात रस नव्हता. तिने विचारले, “मग ती सगळ्यांच्या घरी गेली? आणि प्रत्येकाने तिला सांगितलं, त्यांच्याकडचं कोण गेलं ते?”

“हो. सांगितलंच असेल.”

“मग खूप वेळ लागला असेल.”

मी मोबाईल खिशात ठेवला. बुद्धांना तिला एका वाक्यात सांगता आले असते की सगळेच मरतात. जसे मी आत्याला सांगितले. त्यांनी तिला गावभर फिरवले. प्रत्येक उंबऱ्यावर तिला ऐकून घ्यावे लागले, आणि प्रत्येक घराला तिला काहीतरी सांगावे लागले.

त्यानंतर मुलीने हे काम स्वतःच सुरू केले. आपल्या वैशाख पौर्णिमेच्या कार्यक्रमात तुमच्यापैकी काहींना तिने गाठून विचारले असेल, “तुमच्याकडे कोण गेलं?” कोणाला अवघडल्यासारखे झाले असेल तर क्षमा करा. शेजारच्या इंग्रज आजींनाही तिने विचारले. त्यांनी नवऱ्याचा फोटो काढून दाखवला, बिस्किटे दिली आणि सांगितले की तो स्वर्गात माझी वाट बघतोय. घरी येताना मुलगी म्हणाली, “मी त्यांना सांगायला पाहिजे होतं का, की तसं नसतं?” मी नको म्हणालो. “का पण?” याचे धड उत्तर मी तिला अजून दिलेले नाही.

मग एका रविवारी तिने व्हिडिओ कॉलवर आईला तेच विचारले. आई आधी हसली. मग मोजू लागली. तिचे आईवडील. बहात्तरच्या दुष्काळात गेलेली धाकटी बहीण. सासूबाई. आणि मग, सहज चुलीवरचे बोलावे तशी म्हणाली, “तुझ्या पप्पाच्या आधी मला एक मुलगा झाला होता. अकरा महिन्यांचा होऊन गेला. तुझ्या आजोबांनी ओढ्याच्या काठी पुरला.” मी पंचेचाळीस वर्षांचा आहे. हे मला माहीत नव्हते.

“त्याचं नाव काय होतं?” मुलीने विचारले.

आईने नाव सांगितले. मुलीने ते दोनदा म्हणून पाहिले, बरोबर उच्चारले का ते आजीला विचारले, आणि दप्तरातून ते ढगांचे कार्ड काढून त्याच्या पाठीमागे लिहून ठेवले. अण्णांच्या पहिल्या पुण्यानुमोदनाला आम्ही सगळे संभाजीनगरला जाणार आहोत. आत्याला मी फोन केला आहे. ती म्हणाली, ये, तुला अण्णाच्या लहानपणीच्या गोष्टी सांगायच्या आहेत, मागच्या वेळी राहूनच गेल्या.